४के ब्लू-रे डिस्कच्या चित्रात दोष दिसला तर तो कुठून येतो, हे कसे शोधावे

४के ब्लू-रे डिस्क लावल्यावर पडद्यावर चौकोनी ठोकळे उमटले, ठिपके चमकू लागले किंवा चित्र क्षणभर गोठले, की बहुतेक घरांत पहिला संशय केबलवर आणि दुसरा प्लेअरवर घेतला जातो. नाशिकमध्ये एमजी रोडच्या दुकानात जाऊन नवी केबल आणणे सर्वांत सोपे, म्हणून ती आणली जाते; दोष तसाच राहिला, तर प्लेअर दुरुस्तीला जातो, आणि तोवर डिस्क बदलून घेण्याची मुदतही संपलेली असते. प्रत्यक्षात चित्रातला प्रत्येक दोष आपला उगम स्वतःच सांगत असतो. तो कोणत्या आकाराचा आहे, किती वेळ टिकतो आणि पुन्हा त्याच जागी येतो का, एवढे नीट पाहिले तर काहीही विकत घेण्याआधी शोधाचे निम्म्याहून अधिक काम होते. या लेखात तीच पद्धत क्रमाने मांडली आहे.

चित्र डिस्कपासून पडद्यापर्यंत कसे येते

डिस्कवर चित्र संकुचित रूपात साठवलेले असते. ४के ब्लू-रेमध्ये त्यासाठी एचईव्हीसी ही पद्धत वापरतात. ३८४० × २१६० बिंदूंचे चित्र, प्रत्येक रंगघटकाला १० बिट, आणि डिस्कची क्षमता ५०, ६६ किंवा १०० जीबी. निळसर-जांभळा, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर हा मजकूर वाचतो. वाचताना होणाऱ्या लहान चुका प्लेअर त्रुटी-दुरुस्तीच्या गणिताने भरून काढतो, त्यानंतर संकुचित मजकूर उलगडून पूर्ण चित्र तयार करतो आणि ते एचडीएमआय केबलमधून रिसीव्हरकडे (स्पीकरना आवाज देऊन चित्र पुढे धाडणाऱ्या ॲम्प्लिफायरकडे) व पुढे टीव्हीकडे किंवा प्रोजेक्टरकडे पाठवतो. टीव्ही त्या चित्रावर स्वतःची प्रक्रिया करून ते दाखवतो.

यातली महत्त्वाची सीमारेषा म्हणजे चित्र उलगडण्याची पायरी. त्याआधी, म्हणजे डिस्कवर किंवा लेसरमध्ये, काही चुकले तर हानी संकुचित मजकुराची होते आणि ती पडद्यावर ठोकळ्यांच्या रूपात दिसते, कारण संकोचन चित्राचे चौकोनी तुकडे पाडूनच केलेले असते. एचईव्हीसीमध्ये हा मूळ तुकडा ६४ × ६४ बिंदूंपर्यंत मोठा असू शकतो. पुढची बरीच चित्रे आधीच्या चित्रांवर आधारलेली असतात, म्हणून एकदा उमटलेला ठोकळा पुढचे स्वयंपूर्ण चित्र येईपर्यंत हलत, पसरत राहतो आणि मग एकाएकी नाहीसा होतो. याउलट केबलमधून जाणारे चित्र आधीच उलगडलेले असते. तिथे चूक झाली तर सुटे बिंदू बिघडतात, ठोकळे पडत नाहीत. ठोकळे दिसत असताना केबल बदलण्यात पैसे घालवू नयेत, असे मी ठामपणे म्हणतो ते याच कारणासाठी.

पहिली चाचणी: वेळ टिपून घ्यावी

दोष दिसताच रिमोटवरील डिस्प्ले किंवा इन्फो बटण दाबून चित्रपटाची वेळ तास, मिनिट, सेकंद अशी टिपावी. मग अर्धा मिनिट मागे जाऊन तोच भाग पुन्हा पाहावा. दोष त्याच सेकंदाला, पडद्याच्या त्याच भागात आणि त्याच आकारात आला, तर शोध डिस्कपासून सुरू करावा, किंवा तो मुळातच त्या प्रतीत कोरला गेला असावा. आधीच्याच जागेच्या आसपास, पण दर वेळी थोडा वेगळा आला, तर लेसरला तो भाग वाचणे कठीण जात आहे. आणि दुसऱ्या वेळी दोष आलाच नाही, किंवा कुठेही केव्हाही येतो, तर डिस्क तूर्त बाजूला ठेवून केबल, उष्णता आणि टीव्हीकडे वळावे.

ही चाचणी करताना एक पथ्य पाळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहून मगच दुसरीला हात लावावा. डिस्क पुसली, केबल बदलली आणि सेटिंगही फिरवली, तर दोष गेला तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही आणि महिन्याभराने तो परत आला की सर्व शोध पहिल्यापासून करावा लागतो.

ठोकळे पडतात किंवा चित्र गोठते: डिस्क आणि लेसर

ब्लू-रेचा माहिती साठवणारा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलीमीटरवर असतो. डीव्हीडीमध्ये हे अंतर ०.६ मिलीमीटर असते. लेसरचा झोत पृष्ठभागावर पडतो तेव्हा तो डीव्हीडीच्या तुलनेत फारच लहान असतो, त्यामुळे डीव्हीडीवर जाणवलाही नसता असा बोटाचा तेलकट ठसा इथे पुरेसा अडथळा ठरतो. पृष्ठभागावर कठीण लेप असल्यामुळे ओरखडे सहज पडत नाहीत. परंतु पडलेला खोल ओरखडा घासून काढता येत नाही, कारण घासायला जाडीच उरलेली नसते. टूथपेस्ट किंवा डीव्हीडीसाठी विकली जाणारी पॉलिश या डिस्कला कधीही लावू नये.

डिस्क स्वच्छ करण्याआधी ती दिव्याखाली तिरकी धरून पाहावी. धूळ असेल तर प्रथम हवेच्या फुग्याने, म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगासाठी मिळणाऱ्या रबरी ब्लोअरने, ती उडवावी. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा अशा सतत बांधकाम चालू असलेल्या भागांत घरात येणारी धूळ वाळूसारखी कणीदार असते आणि ती कापडाखाली सापडली तर कापडच ओरखडे पाडते. त्यानंतर चष्मा पुसण्याच्या मऊ मायक्रोफायबर कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल फिरवून पुसू नये, कारण गोल दिशेतला ओरखडा लेसरच्या वाचण्याच्या मार्गाला समांतर जातो आणि सलग मजकूर एकदम वाचेनासा करतो, तर मध्याकडून कडेकडे गेलेली रेघ लेसर क्षणार्धात ओलांडतो आणि हरवलेला तुकडा त्रुटी-दुरुस्तीने भरून निघतो. तेलकटपणा राहिला तर कापड डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओले करावे. खिडक्यांच्या काचा पुसण्याचे द्रव किंवा थिनर जवळ आणू नयेत.

नवी, पाकिटातून नुकतीच काढलेली डिस्क स्वच्छच असणार, हे गृहीत धरू नये. कारखान्यातला चिकट अंश किंवा खोक्याच्या आतल्या बाजूची बारीक भुकटी तिच्यावर असू शकते. पुठ्ठ्याच्या घट्ट खाचेतून ओढून काढाव्या लागणाऱ्या डिस्कच्या बाबतीत तर पहिल्यांदा लावण्याआधीच पुसून घेण्याची सवय ठेवावी, असे मला वाटते.

दोष चित्रपटाच्या कोणत्या टप्प्यावर येतो, यावरून डिस्कच्या कोणत्या भागाकडे पाहायचे तेही ठरते. वाचन आतल्या बाजूपासून सुरू होऊन कडेकडे जाते. दोन थरांच्या ६६ जीबी डिस्कमध्ये पहिला थर कडेला संपतो आणि दुसरा थर कडेपासून आत वाचला जातो. म्हणून चित्रपटाच्या मधल्या भागात येणारे अडथळे बहुधा बाहेरच्या कडेशी जोडलेले असतात. कडेलाच बोटे लागतात, आणि डिस्क किंचित वाकली असेल तर तो वाकही तिथेच सर्वांत जास्त जाणवतो. सपाट काचेवर डिस्क ठेवून कड उचललेली दिसते का ते पाहावे. १०० जीबीच्या डिस्कमध्ये तीन थर असतात, त्यामुळे थर बदलण्याचे प्रसंग दोन. त्या क्षणी लेसरला नवा थर शोधून त्यावर नेम धरावा लागतो आणि जुन्या किंवा दुबळ्या लेसरच्या प्लेअरमध्ये चित्र नेमके तिथेच गोठते. एखाद्या प्लेअरमध्ये ६६ जीबीच्या सर्व डिस्क सुरळीत चालतात आणि १०० जीबीच्या वेगवेगळ्या डिस्क अडतात, असे आढळले तर दोष त्या प्लेअरच्या लेसरमध्ये शोधावा.

डिस्क निर्दोष आहे की नाही, याचा निर्णय दुसऱ्या प्लेअरवर होतो. मित्राकडे किंवा दुकानात दुसऱ्या कंपनीचा ४के प्लेअर असेल, तर टिपलेली वेळ घेऊन तिथे तोच प्रसंग पाहावा. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स यांच्या डिस्क असलेल्या आवृत्त्यांवरही ४के ब्लू-रे चालते, आणि नाशिकसारख्या शहरात दुसरा स्वतंत्र प्लेअर शोधण्यापेक्षा शेजारच्या मुलाकडचा गेम कन्सोल सापडणे पुष्कळ सोपे आहे. दोन्हीकडे त्याच सेकंदाला ठोकळे आले, तर डिस्क बदलून मागावी.

हवामानाचाही इथे वाटा आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाड-नाशिक पट्ट्यात पहाटेचा पारा एक आकडी होतो. रात्रभर गाडीत राहिलेली किंवा कुरिअरने थंडगार आलेली डिस्क, किंवा थंड खोलीतून आणलेला प्लेअर, एकदम उबदार खोलीत आणला तर डिस्कच्या पृष्ठभागावर आणि लेसरच्या भिंगावर डोळ्यांना न दिसणारे दव साचू शकते. अशा वेळी एक-दोन तास थांबून मगच डिस्क लावावी. पावसाळ्यात जुन्या वाड्यांच्या भिंतींतील कपाटे ओल धरतात. डिस्क तिथे न ठेवता उघड्या, हवेशीर फळीवर उभ्या ठेवाव्यात.

भिंग स्वच्छ करणारी म्हणून मिळणारी ब्रशची डिस्क मी सुचवत नाही. ब्लू-रेचे भिंग डिस्कच्या फार जवळ येऊन काम करते, आणि डीव्हीडीसाठी बनवलेला ब्रश त्याला इजा करू शकतो.

ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो: एचडीएमआयची वाट

पांढरे किंवा रंगीत ठिपके पडद्यावर कुठेही चमकणे, आडव्या छोट्या रेघा उमटणे, मधूनच एक-दोन सेकंद पडदा काळा होऊन चित्र परत येणे, ही केबलच्या वाटेवरची लक्षणे आहेत. ४के प्लेअर वापरत असलेल्या एचडीएमआय जोडणीत चित्राच्या बिंदूंसाठी त्रुटी-दुरुस्ती नसते आणि चुकलेला बिंदू पुन्हा पाठवलाही जात नाही. तो चुकलेला तसाच दिसतो. आवाजाच्या मजकुराला मात्र दुरुस्तीची सोय असल्यामुळे ठिपके चमकत असतानाही आवाज स्वच्छ ऐकू येऊ शकतो, आणि ‘आवाज ठीक आहे म्हणजे केबल ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकतो.

केबलवर किती भार पडतो, हे सेटिंगवर अवलंबून असते, आणि इथे आकडे उपयोगी पडतात. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा, ८ बिट आणि ४:४:४ रंगात (म्हणजे प्रत्येक बिंदूचा रंग स्वतंत्र; ४:२:२ आणि ४:२:० मध्ये शेजारचे बिंदू रंग वाटून घेतात) पाठवले तर केबलवर १७.८२ गिगाबिट प्रतिसेकंद एवढा भार येतो, आणि एचडीएमआय २.० या आवृत्तीची कमाल मर्यादा १८ गिगाबिट आहे. चित्रपट बहुधा सेकंदाला २४ चित्रांचे असतात, आणि ४के २४ चित्रे ४:२:२ रंगात १२ बिटपर्यंत पाठवली तरी भार ८.९१ गिगाबिटच राहतो. त्यामुळे दुबळ्या केबलवर चित्रपट निर्वेध चालतो आणि सेकंदाला ६० चित्रांनी येणाऱ्या प्लेअरच्या मुख्य मेनूत मात्र ठिपके दिसतात. असा फरक आढळला तर केबल मर्यादेवर आली आहे, असे खुशाल समजावे.

शोध पुढील क्रमाने घ्यावा. रिसीव्हर वगळून प्लेअर थेट टीव्हीला, दोन मीटरपेक्षा लहान केबलने जोडावा. ठिपके गेले तर रिसीव्हर परत जोडावा आणि प्रथम प्लेअर ते रिसीव्हर, मग रिसीव्हर ते टीव्ही अशी एकेक केबल बदलून पाहावी. दोन्ही केबल निर्दोष असून रिसीव्हर मध्ये आल्यावरच दोष येत असेल, तर रिसीव्हरमधील चित्र-प्रक्रिया आणि अपस्केलिंग (कमी बिंदूंचे चित्र मोठे करणे) बंद करून चित्र जसेच्या तसे पुढे जाऊ द्यावे. रिसीव्हरचे सर्व सॉकेट सारख्या क्षमतेचे असतात असे नाही. माहितीपुस्तिकेत कोणते सॉकेट ४के एचडीआर (उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला दाखवणारे चित्र) आणि एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारे संरक्षण) यांना पात्र आहेत ते पाहावे. प्लेअरला दोन एचडीएमआय आउटपुट असतील, तर एक थेट टीव्हीला आणि दुसरे केवळ आवाजासाठी रिसीव्हरला जोडणे हा जुन्या रिसीव्हरच्या घरातला उत्तम उपाय आहे.

नवी केबल घ्यायचीच असेल तर खोक्यावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असे प्रमाणपत्राचे लेबल आहे का आणि त्यावरचा कोड मोबाइलने तपासता येतो का, हे पाहावे. सोन्याचा मुलामा आणि जाड आवरण यांवरून काहीही ठरत नाही. फ्लॅटच्या भिंतीतील पाइपातून प्रोजेक्टरपर्यंत दहा-बारा मीटर केबल न्यायची असेल, तर साध्या तांब्याच्या केबलवर विसंबू नये. ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी. तिची दोन टोके वेगळी असतात, प्लेअरकडचे आणि पडद्याकडचे, आणि उलटी घातली तर चित्रच येत नाही; म्हणून भिंतीत ओढण्याआधी ती जमिनीवर पसरून, दोन्हीकडे जोडून तपासावी. भिंतीतील वळणे तीक्ष्ण ठेवू नयेत.

नवी केबल येईपर्यंत प्लेअरच्या सेटिंगमध्ये रंग ४:२:२ निवडला तर चित्रपटासाठी भार कमी होतो. डिस्कवर मुळात ४:२:०च साठवलेले असल्यामुळे यात चित्राचे काहीही नुकसान होत नाही.

संपूर्ण चित्राचा रंग बिघडतो

पडदा गुलाबी किंवा हिरवट दिसत असेल, तर प्लेअर एका रंगपद्धतीत पाठवत आहे आणि टीव्ही ते दुसऱ्या पद्धतीचे समजून दाखवत आहे. टीव्ही, रिसीव्हर आणि प्लेअर तिन्हींचे प्लग काढून काही मिनिटांनी याच क्रमाने सुरू करावेत. बहुधा तेवढ्याने भागते. वीज जाऊन परत आल्यावर सर्व उपकरणे एकदम चालू झाली, की हा प्रकार विशेष दिसतो. काळा रंग राखाडी दिसणे किंवा अंधारातले तपशील गिळले जाणे हा प्लेअर आणि टीव्हीच्या काळ्या पातळीतला बेबनाव असतो. दोन्हीकडे लिमिटेड किंवा दोन्हीकडे ऑटो ठेवावे.

आकाशात पट्टे दिसतात

सूर्यास्ताच्या आकाशात किंवा धुक्यात रंग सलग न बदलता पायऱ्या-पायऱ्यांनी बदलताना दिसतो, त्याला बँडिंग म्हणतात. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगघटकाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. डिस्कवर १० बिट असूनही टीव्हीच्या त्या एचडीएमआय सॉकेटची पूर्ण क्षमता चालू केलेली नसेल, तर चित्र ८ बिटमध्ये उतरते आणि अनेकदा एचडीआरही मिळत नाही. हे सेटिंग सोनीच्या टीव्हीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’ आणि एलजीमध्ये ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’ या नावाने असते आणि ते प्रत्येक सॉकेटसाठी वेगळे चालू करावे लागते. डेनॉन आणि मराँट्झच्या रिसीव्हरमध्येही ४के सिग्नलसाठी ‘एन्हान्स्ड’ असा पर्याय आहे. टीव्हीत ते चालू करून रिसीव्हरमध्ये राहून गेले, तर वाट तिथेच अरुंद राहते.

एवढे करूनही पट्टे राहिले, तर टीव्हीतील कॉन्ट्रास्ट वाढवणारी स्वयंचलित सेटिंग बंद करून पाहावीत. तरीही राहिले, तर ते त्या प्रतीत किंवा टीव्हीच्या पॅनेलमध्ये आहेत, आणि त्यावर केबलचा उपाय नाही.

टीव्हीने स्वतः निर्माण केलेले दोष

धावणाऱ्या माणसाभोवती पाण्यासारखी थरथर, फिरणाऱ्या चाकाच्या आऱ्यांचे तुकडे होणे, कॅमेरा सरकताना जाळीदार वस्तू फाटल्यासारखी दिसणे, हे सर्व टीव्हीच्या गती-प्रक्रियेचे काम असते. २४ चित्रांच्या मधली चित्रे टीव्ही अंदाजाने रचतो आणि अंदाज चुकला की कडा फाटतात. सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन अशी नावे असलेले हे सेटिंग चित्रपटासाठी बंद ठेवावे. टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर तोच निवडावा. यूएचडी अलायन्सने २०१९ मध्ये जाहीर केलेला हा मोड गती-प्रक्रिया, नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे पुसण्याची प्रक्रिया) आणि जादा शार्पनेस एकदमच बंद करतो. शार्पनेस वाढवल्याने अक्षरांभोवती आणि चेहऱ्यांभोवती पांढऱ्या कडा उमटतात. काही टीव्हींत तटस्थ जागा शून्यावर तर काहींत मध्यावर असते, म्हणून उपशीर्षकांच्या कडा पाहत तो हळूहळू कमी करावा आणि पांढरी कड नाहीशी होईल तिथे थांबावे.

फिल्मवर चित्रित झालेल्या सिनेमाच्या ४के प्रतीत सबंध पडद्यावर बारीक, सतत हलणारे दाणे दिसतात. ते फिल्मचेच दाणे आहेत, दोष नाही. नॉइज रिडक्शन लावून ते पुसले, तर त्यांच्याबरोबर कातडीचा पोत आणि कापडाचे विणकामही पुसले जाते, आणि ज्या तपशिलासाठी ४के डिस्क घेतली तोच हातचा जातो. त्या जुन्या चित्रपटांवर प्रेम करणाऱ्यांनी दाणे तसेच राहू द्यावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

टीव्हीचा हात आहे की नाही, याची खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे टीव्हीतीलच एखाद्या ॲपवर तशाच गतीचे दृश्य पाहणे. तीच थरथर तिथेही दिसली, तर प्लेअर आणि केबल दोन्ही निर्दोष आहेत.

तासाभराने सुरू होणारे दोष

पहिला तास चित्र उत्तम आणि नंतर कुठेही ठोकळे किंवा थांबणे, असे असेल तर प्लेअर तापतो आहे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, काचेचे दार बंद केलेल्या कपाटात, रिसीव्हरच्या थेट डोक्यावर ठेवलेला प्लेअर हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. प्लेअर स्वतंत्र फळीवर, वर आणि मागे मोकळी जागा ठेवून मांडावा आणि तोच चित्रपट तासाभरानंतरच्या भागापासून, थंड प्लेअरवर पाहावा. दोष आला नाही, तर कारण सापडले.

फर्मवेअर, म्हणजे प्लेअरची आतली आज्ञावली, अद्ययावत करणे हे काम मी मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण ते डिस्क किंवा केबलचा दोष दूर करू शकत नाही. परंतु एकच नवी डिस्क अडत असेल आणि इतर चालत असतील, तर ते अवश्य करावे. पेन ड्राइव्हने करायचे असल्यास तो बहुधा एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करावा लागतो, आणि मधे वीज जाणार नाही याची खात्री, शक्य असेल तर यूपीएसवर, करून घ्यावी.

डिस्क बदलून मागताना किंवा प्लेअर दुरुस्तीला देताना

विक्रेत्याला ‘चित्र खराब आहे’ एवढेच कळवले, तर बहुधा डिस्क पुसून पाहण्याचा सल्ला परत येतो. त्याऐवजी दोषाचा मोबाइलवर चित्रित केलेला, पडद्यावर वेळ दिसत असलेला भाग, डिस्क पुसल्यानंतरही तो त्याच सेकंदाला येतो ही नोंद, आणि दुसऱ्या प्लेअरचे नाव व तिथला निकाल पाठवावा. बहुतेक ४के डिस्क बाहेरून मागवलेल्या असतात आणि परत करण्याची मुदत थोडी असते, म्हणून डिस्क हाती येताच पूर्ण चित्रपट पाहण्यास सवड नसली तरी सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीन भाग दहा-दहा मिनिटे पाहून ठेवावेत. दोन थरांच्या डिस्कमध्ये मधल्या दहा मिनिटांत कडेजवळचा भागही तपासला जातो. प्लेअर सर्व्हिस सेंटरला देताना मात्र अडणाऱ्या दोन आणि नीट चालणारी एक अशा तीन डिस्क बरोबर द्याव्यात आणि प्रत्येकीवर जीबी किती व दोष चित्रपटाच्या कोणत्या वेळेला येतो, याची चिठ्ठी लावावी. लेसर बदलल्यानंतर त्याच तीन डिस्क, त्याच वेळांपासून, सेंटरमध्येच लावून पाहाव्यात आणि मगच प्लेअर घरी आणावा.